बेडकाच्या त्वचेतील रसायने आणि मेंदूचे आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात अल्झायमर, पार्किन्सन किंवा एएलएसचा (हालचाल घडवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराचा) रुग्ण असला की कुणीतरी 'बेडकाच्या विषापासून औषध सापडलं' अशी बातमी पाठवतेच. त्या बातम्या वाचून जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. घाई असेल त्यांनी पहिला आणि शेवटचे दोन प्रश्न वाचले तरी चालेल.

बेडकाच्या कातडीपासून अल्झायमर किंवा पार्किन्सनवर औषध निघालं आहे का?

नाही. उभयचर प्राण्याच्या त्वचेतून आलेले कोणतेही रसायन या आजारांवरचे औषध म्हणून मान्य झालेले नाही. आजार बरा करणारे नाही, त्याची वाढ रोखणारे नाही आणि लक्षणे हलकी करणारेही नाही.

निसर्गातून आलेले औषध या क्षेत्रात मुळीच नाही, असे मात्र नाही. अल्झायमरमध्ये दिले जाणारे गॅलँटामीन स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कंदातून मिळाले आणि २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्यामुळे बेडकांकडे पाहणारे शास्त्रज्ञ वेडगळ नव्हेत. झाडाने जे दिले ते बेडकाने अजून दिलेले नाही, इतकेच.

बेडकाच्या त्वचेत एवढं असतं तरी काय?

बेडकाला खवले नाहीत, केस नाहीत, पिसे नाहीत. त्याची ओलसर त्वचा श्वास घेण्याच्याही कामी येते, म्हणून ती पातळ असावी लागते. अशी त्वचा जंतूंना आणि भक्षकांना आयतीच सापडते. तिचे रक्षण करतात त्वचेतल्या ग्रंथी. बेडकाला धोका जाणवला की त्या पिळल्या जातात आणि अंगावर पांढुरका, चिकट स्राव येतो.

या स्रावातली रसायने ढोबळमानाने दोन गटांत मोडतात. पहिला गट अल्कलॉइडांचा. हे छोटे रेणू असतात आणि विषारी बाण-बेडकांसारख्या जाती ते स्वतः तयार करत नाहीत. मुंग्या, माइट, भुंगेरे खाऊन साठवतात. दुसरा गट पेप्टाइडांचा, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या साखळ्यांचा. या मात्र बेडकाच्या स्वतःच्या जनुकांवरून बनतात. याशिवाय सेरोटोनिन या संदेशवाहक रेणूच्या कुळातली काही रसायने असतात आणि टोडांच्या (खडबडीत कातडीच्या बेडकांच्या) अंगात हृदयावर थेट परिणाम करणारी विषेही असतात.

अल्कलॉइड आणि पेप्टाइड हा फरक लक्षात ठेवा. पुढे मेंदूपर्यंत पोचण्याचा विषय निघेल तेव्हा सगळी गोम त्यातच आहे.

पण बेडकाच्या कातडीचा आपल्या मेंदूशी संबंध कसा?

हा प्रश्न इटलीचे व्हित्तोरियो एर्स्पामर यांनी आयुष्यभर धरून ठेवला. सेरोटोनिन त्यांनी १९३० च्या दशकातच वेगळे काढले होते, फक्त त्याला नाव दुसरे दिले होते. नंतर त्यांनी शेकडो जातींच्या उभयचरांच्या त्वचेचे अर्क तपासले. त्वचेत जे सापडते त्याचा भाऊबंद सस्तन प्राण्याच्या आतड्यात आणि मेंदूतही सापडतो, हे त्यांच्या लक्षात आले. १९७१ मध्ये युरोपातल्या बॉम्बिना बेडकातून बॉम्बेसिन मिळाले. त्याचे नातलग पेप्टाइड पुढे सस्तन प्राण्यांत सापडले. ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या वृक्षबेडकातले सेरुलिन आपल्या पित्ताशयाला आकुंचन पावायला लावणाऱ्या संप्रेरकासारखे निघाले. १९८१ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या एका बेडकातून डर्मॉर्फिन मिळाले. ते मॉर्फिनच्याच ग्राहींवर (पेशीवरच्या ज्या प्रथिनांना चिकटून रसायन परिणाम घडवते त्यांवर) काम करते आणि मॉर्फिनपेक्षा कित्येक पटींनी जोरकस आहे.

यामागचे कारण सरळ आहे. साप किंवा पक्षी बेडूक तोंडात धरतो, तेव्हा त्याला क्षणात सोडायला लावायचे असेल तर त्याच्या मज्जासंस्थेवर घाव घालावा लागतो. भक्षकाची मज्जासंस्था आणि आपली मज्जासंस्था मुळात एकाच घडणीची. म्हणून भक्षकासाठी तासलेले हत्यार आपल्या चेतापेशींवरही चालते. चालते याचा अर्थ उपयोगी पडते असा नव्हे. बहुतेक वेळा ते अपायच करते.

सगळीकडे एपिबॅटिडीनचं नाव येतं. त्याची गोष्ट काय?

ही गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण या क्षेत्राची आशा आणि अडचण दोन्ही तिच्यात दिसतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ जॉन डेली १९७४ मध्ये इक्वेडोरमध्ये बेडूक गोळा करत होते. एका छोट्या, पट्टेरी बेडकाच्या त्वचेचा अर्क त्यांनी उंदराला टोचला, तर उंदराची शेपटी ताठ होऊन पाठीवर वळली. मॉर्फिन दिल्यावर उंदीर असेच करतो. पण मॉर्फिनचा असर उतरवणारे औषध देऊनही या अर्काचा परिणाम थांबेना. म्हणजे वेदना मारण्याची वाट वेगळी होती.

पुढे सुमारे ७५० बेडकांच्या त्वचेतून जे शुद्ध रसायन, म्हणजे एपिबॅटिडीन, हाती आले ते एक मिलिग्रॅमसुद्धा नव्हते. तेवढ्यावर रेणूची रचना काढण्याइतकी उपकरणे तेव्हा तयार नव्हती. दरम्यान या बेडकांना संरक्षण मिळाले आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या बेडकांत ते रसायन सापडेना, कारण ते जंगलातल्या खाण्यातून येत होते. डेली यांनी तो इवलासा नमुना जपून ठेवला. उपकरणे सुधारली आणि १९९२ मध्ये रचना प्रसिद्ध झाली. ते मॉर्फिनच्या सुमारे २०० पट प्रभावी वेदनाशामक होते आणि मेंदूतल्या निकोटिनिक ग्राहींवर काम करत होते, म्हणजे तंबाखूतले निकोटीन ज्या कुलपात बसते त्याच कुलपात.

औषध म्हणून मात्र ते निरुपयोगी ठरले. वेदना शमवणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर फारच थोडे. मग ॲबट कंपनीने त्याच्या धर्तीवर एबीटी-५९४ नावाचा सौम्य रेणू बनवला. मधुमेहातल्या मज्जावेदनेवर माणसांत त्याची चाचणी झाली. वेदना कमी झाल्या, पण मळमळ, उलट्या आणि चक्कर यांमुळे पुष्कळ रुग्णांनी औषध सोडले आणि काम तिथेच थांबले.

हे वेदनेचं झालं. यात अल्झायमर कुठे आला?

कुलूप तेच आहे, म्हणून. अल्झायमरमध्ये ॲसिटिलकोलीन या संदेशवाहकावर चालणाऱ्या चेतापेशी मरतात आणि निकोटिनिक ग्राहींची संख्याही घटते. पार्किन्सनमध्येही हे ग्राही कमी होतात. उरलेल्या ग्राहींना बाहेरून चेतवले तर स्मरणशक्तीला हातभार लागेल, असा विचार त्यातून पुढे आला.

विचार चांगला होता, पण माणसांत तो टिकला नाही. एन्सेनिक्लीन हे याच कुळातल्या ग्राहींवर काम करणारे औषध (बेडकातून आलेले नव्हे) अल्झायमरवरच्या मानवी चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचले होते. पचनसंस्थेच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्या चाचण्या रोखल्या. धूम्रपान करणाऱ्यांत पार्किन्सन कमी आढळतो या जुन्या निरीक्षणावरून निकोटीनच्या पट्ट्यांची चाचणीही झाली. २०२३ मध्ये तिचा निकाल आला: पट्टीने आजार मंदावला नाही.

एपिबॅटिडीनचा खरा उपयोग झाला तो वेगळ्याच कामात, आणि बातम्यांमध्ये तो जवळजवळ कधीच येत नाही. एपिबॅटिडीनच्या रचनेवरून बनवलेला फ्लुबॅटीन नावाचा किरणोत्सारी रेणू पेट स्कॅनसाठी (किरणोत्सारी खुणेवरून शरीराच्या आतले चित्र काढणाऱ्या तपासणीसाठी) वापरला गेला आहे. अत्यल्प मात्रेत तो शिरेतून दिला की मेंदूतल्या निकोटिनिक ग्राहींना जाऊन चिकटतो आणि कोणत्या भागात ते किती उरले आहेत हे पडद्यावर दिसते. सौम्य अल्झायमर असलेल्या रुग्णांत ते कमी दिसले, आणि ही घट त्यांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांशी जुळली. या आजाराच्या रुग्णाच्या इतक्या जवळ पोचलेले बेडकाचे देणे माझ्या मते हेच, आणि ते औषध नसून पाहण्याचे साधन आहे. जी मात्रा औषध म्हणून घातक ठरली असती, तिच्या कैक पटींनी कमी मात्रेत तोच गुण, घट्ट चिकटण्याचा, कामाला आला.

बेडकाला स्वतःचं विष बाधत कसं नाही?

त्याच्या ग्राहीत छोटासा बदल झालेला असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की एपिबॅटिडीन साठवणाऱ्या बेडकांच्या निकोटिनिक ग्राहीतले एक अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक मणी) बदललेले आहे. त्यामुळे विष नीट चिकटत नाही. पण त्याच बदलाने बेडकाचे स्वतःचे ॲसिटिलकोलीनही नीट चिकटेना, म्हणून ती कसर भरून काढणारे आणखी बदल उत्क्रांतीत झाले. औषधे घडवणाऱ्यांना यात रस आहे, कारण विष आणि संदेशवाहक एकाच जागी बसत असूनही त्यांच्यात भेद करता येतो, हे बेडकाने करून दाखवले आहे.

पेप्टाइडांचं काय? ते मेंदूतल्या प्रथिनांच्या गुठळ्या विरघळवतात म्हणे.

'विरघळवतात' हा शब्द बातमीदाराचा. संशोधनात दिसले ते वेगळे आहे आणि मला विचाराल तर अधिक रंजक आहे.

अल्झायमरमध्ये बीटा-ॲमिलॉइड आणि पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्यूक्लीन ही प्रथिने चुकीच्या घडीत बसून लांब तंतू बनवतात. ऑस्ट्रेलियातल्या एका लहानशा टोडच्या त्वचेत युपेरिन ३.५ नावाचे पेप्टाइड आहे. अवघ्या १७ अमिनो आम्लांचे. तेसुद्धा असेच तंतू बनवते, पण बेडूक त्याने आजारी पडत नाही. इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेतल्या मेयताल लांडाऊ यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवले की हे पेप्टाइड दोन रूपे घेते. एरवी ते अल्झायमरमधल्या तंतूंसारख्या, पट्ट्या-पट्ट्यांच्या घडीत असते. जीवाणूच्या आवरणातली मेदद्रव्ये समोर आली की घडी बदलून मळसूत्री होते आणि जीवाणूला मारते. म्हणजे तंतूची अवस्था हा कदाचित साठवणीचा प्रकार आहे आणि गरज पडली की तो मोडतो.

याला जोडून दुसरा धागा. रॉबर्ट मॉयर आणि रुडॉल्फ टॅन्झी यांनी २०१० मध्ये दाखवले की आपले बीटा-ॲमिलॉइडही प्रयोगशाळेत जंतू मारते. अल्झायमरचे 'खलनायक' प्रथिन मुळात मेंदूचे संरक्षक असावे, अशी त्यांची मांडणी. ती सर्वमान्य नाही. पण बेडकाच्या त्वचेत जंतू मारणारे आणि तंतू बनवणारे पेप्टाइड एकच असते हे पाहिल्यावर ती सहज झटकूनही टाकता येत नाही. युपेरिनपासून उद्या गोळी बनेल असे कुणी म्हणत असेल तर दुर्लक्ष करा. तंतू केव्हा निरुपद्रवी असतो आणि केव्हा घातक, हे समजायला त्याची मदत होते.

बीव्ही-८ मेंदूचं रक्षण करतं असं वाचलं. खरं का?

अर्धे खरे. बॉम्बिना व्हेरिएगाटा या पिवळ्या पोटाच्या टोडच्या स्रावातून १९९९ मध्ये हे छोटे प्रथिन मिळाले. त्याचे भाऊबंद आपल्या शरीरातही आहेत. त्यांना प्रोकिनेटिसिन म्हणतात.

पार्किन्सनच्या संदर्भात २०१६ मध्ये दिसले की प्रोकिनेटिसिन-२ हे डोपामिन बनवणाऱ्या, आघात झालेल्या पेशींमध्ये वाढते आणि त्यांना तग धरायला मदत करते. अल्झायमरच्या संदर्भात नेमके उलटे: २०१५ च्या अभ्यासानुसार बीटा-ॲमिलॉइडच्या विषारी परिणामात त्याचा हात आहे आणि त्याला अडवले तर चेतापेशी वाचतात. एकच रेणू एका आजारात तारक आणि दुसऱ्यात मारक. दोन्ही निष्कर्ष पेशी आणि प्राणी यांवरच्या प्रयोगांतून निघालेले आहेत. 'मेंदूचे रक्षण करते' एवढेच लिहिणाऱ्या लेखाने यातली एक बाजू गाळलेली असते.

शार्कचं औषध बेडकाच्या संशोधनातून आलं, हे काय प्रकरण?

मायकेल झॅसलॉफ हे अमेरिकन वैद्यक-संशोधक. प्रयोगशाळेतल्या आफ्रिकी पंजेरी बेडकांवर ते शस्त्रक्रिया करत आणि त्यांना परत गढूळ पाण्याच्या टाकीत सोडत. जखमा चिघळत नव्हत्या. या नवलातून १९८७ मध्ये मॅगाइनिन ही जंतुनाशक पेप्टाइडे सापडली. त्यावरून बनवलेले मधुमेही पायाच्या जखमेचे मलम १९९९ मध्ये एफडीएने नाकारले.

पण हीच नजर घेऊन झॅसलॉफ डॉगफिश शार्ककडे वळले आणि १९९३ मध्ये त्यात स्क्वालामीन हे जंतुनाशक रसायन मिळाले. २०१७ मध्ये असे दिसले की स्क्वालामीन अल्फा-सिन्यूक्लीनला पेशीच्या पटलावरून हुसकावते, आणि पटलावरच तर गुठळीची सुरुवात होते. पार्किन्सनच्या रुग्णांत बद्धकोष्ठ ही जुनी, चिवट तक्रार असते आणि आतड्यातल्या चेतापेशींतही हे प्रथिन साचते. म्हणून स्क्वालामीनचा क्षार, ईएनटी-०१, तोंडावाटे देऊन पाहिला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना शौचाला होण्याचे प्रमाण वाढले. मेंदूतला आजार थांबला, असे त्या चाचणीने दाखवलेले नाही.

ही रसायनं मेंदूपर्यंत पोचतात का?

अल्कलॉइड पोचतात, एपिबॅटिडीन तर फारच सहज, आणि त्याच्या घातकपणाचे ते एक कारण आहे. पेप्टाइडांची मात्र पंचाईत होते. तोंडावाटे घेतली तर पोटात पचतात, शिरेतून दिली तर रक्तातली विकरे (एन्झाइम) तोडतात, आणि जी उरतात त्यांना मेंदूच्या केशवाहिन्यांची घट्ट भिंत आत सोडत नाही. समुद्रातल्या विषारी शंकू-गोगलगाईपासून आलेले झिकोनोटाइड हे वेदनाशामक पेप्टाइड २००४ मध्ये मान्य झाले, पण ते मणक्यातल्या द्रवात पंपाने सोडावे लागते. रोज, वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारासाठी हा मार्ग किती जणांना झेपेल?

बेडकाने एक युक्ती मात्र दाखवली आहे. डर्मॉर्फिनमध्ये एक अमिनो आम्ल आरशातल्या प्रतिबिंबासारखे उलट्या हाताचे असते. आपल्या विकरांना ते ओळखता येत नाही, म्हणून साखळी टिकून राहते. पेप्टाइड औषधे टिकाऊ करण्यासाठी ही युक्ती आता रसायनशास्त्रज्ञही वापरतात.

यासाठी बेडूक मारतात का?

पूर्वी मारत. आता त्वचेला अगदी सौम्य विजेचा स्पर्श दिला की ग्रंथी पिळल्या जातात. स्राव पाण्याने धुऊन घेतात आणि बेडूक सोडून देतात. ऑस्ट्रेलियात मायकेल टायलर आणि जॉन बोवी या संशोधकांनी अशाच पद्धतीने कित्येक जाती तपासल्या. चेतापेशींत नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर अडवणारी पेप्टाइडे त्यांना त्यातूनच मिळाली. एकदा रचना कळली की पुढचा सगळा माल प्रयोगशाळेत बनतो.

बेडकांचे खरे शत्रू वेगळे आहेत. अधिवास नष्ट होतो आहे, हवामान बदलते आहे आणि उभयचरांच्या त्वचेला ग्रासणारी कायट्रिड बुरशी पसरते आहे. २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात या बुरशीमुळे किमान ५०१ जाती घटल्याचे आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्याचे मानले गेले. जगातल्या सुमारे ४१ टक्के उभयचर जाती आज धोक्यात आहेत. ऑस्ट्रेलियातल्या जठरात पिल्ले वाढवणाऱ्या बेडकाचे शास्त्रीय वर्णन १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. पिल्ले पोटात असताना तो जठरातले आम्ल बंद कसे करतो याचा अभ्यास नुकता सुरू झाला होता, तोच १९८० च्या दशकात तो दिसेनासा झाला. तो अभ्यास आता पुरा होणार नाही.

कांबो किंवा टोडचा स्राव घेऊन फायदा होतो असं लोक सांगतात. रुग्णाला द्यावं का?

अजिबात नाही. कांबो म्हणजे मोठ्या वृक्षबेडकाचा स्राव, त्वचेला चटके देऊन त्या जखमांवर लावलेला. त्याने जोरदार उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, रक्तातले सोडियम घटून झटके येऊ शकतात. मृत्यूही नोंदले गेले आहेत. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये त्याला बंदी असलेल्या विषांच्या यादीत टाकले. टोडांच्या स्रावातली विषे हृदयाची लय बिघडवतात. पार्किन्सनच्या रुग्णाचा रक्तदाब उभे राहताना आधीच घसरत असतो, वयस्कर माणसाच्या हृदयाला आधार देणारी औषधे चालू असतात. अशा शरीराला हा मार सोसत नाही. वाळवलेली पावडर, थेंब, 'नैसर्गिक अर्क' यांनाही हेच लागू. त्यात काय आणि किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. कुणी आधीच घेतले असेल तर न लपवता डॉक्टरांना सांगा.

मग नवी बातमी आली की तिच्यावर विश्वास कितपत ठेवायचा?

प्रयोग कुणावर झाला ते आधी शोधा. परीक्षानळी, किडा, उंदीर, माणूस या पायऱ्यांतली कोणती? पहिल्या तिन्हींत यशस्वी ठरलेली बहुसंख्य औषधे चौथीवर पडतात. माणसांतली चाचणी असेल तर तुलनेसाठी दुसरा गट होता का, आणि लक्षण सुधारले की आजार मंदावला, हे पाहा.

चौथ्या पायरीवरही एक चाचणी पुरत नाही. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतून आलेले एक्झेनाटाइड मधुमेहावर २००५ पासून आहे. २०१७ मध्ये पार्किन्सनच्या ६२ रुग्णांवरच्या चाचणीत त्याने आशा दाखवली आणि जगभर मथळे झळकले. २०२५ मध्ये मोठ्या, तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा निकाल आला: काही फरक पडला नाही. त्या मधल्या आठ वर्षांत किती घरांनी वाट पाहिली असेल.

रुग्णाला चाचणीत सहभागी करायचे असेल तर चालू असलेले औषध बंद न करता आधी मेंदूविकार-तज्ज्ञांशी बोला आणि ती चाचणी सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय नोंदवहीत आहे का ते तपासा. प्रायोगिक औषधासाठी कुणी पैसे मागत असेल, तर संमतीपत्रावर सही करण्याआधी त्या चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी आहे का, ते लेखी मागा.